शिरगाव ते अंबरनाथ

मुंबईहून निघालेला लोहमार्ग कल्याणपर्यंत एकत्र येतो आणि तेथे त्याचे दोन फाटे होतात. एक थळ घाटाच्या रोखाने कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा आग्नेयेस वळून उल्हास नदीच्या खोऱ्यातून कर्जतकडे, बोरघाटाच्या पायथ्याकडे निघतो. १८५४ च्या मे महिन्यात कल्याणला पोहोचलेली आगगाडी १८५६ साली या दुसऱ्या फाट्याने पळसदरीपर्यंत गेली, आणि ज्या खेड्यांची नावे तोवर केवळ जमाबंदीच्या कागदांत आणि गाडीवानांच्या तोंडी असत, त्यांतील काही वेळापत्रकांत छापली जाऊ लागली. आज या फाट्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके अशी लागोपाठ लागतात की खिडकीतून पाहणाऱ्या परक्याला एक शहर कोठे सरले आणि दुसरे कोठे लागले याचा पत्ता लागत नाही; परंतु दारापाशी उभा असलेला रोजचा प्रवासी, डोळे मिटलेले असले तरी, आपले गाव आल्याचे रुळांच्या आवाजावरून ओळखतो.

या वळणामुळे येथे एक विलक्षण गोष्ट घडून आली आहे. मुंबईहून बाहेर पडताना उजव्या हाताची वस्ती ती पूर्व आणि डाव्या हाताची ती पश्चिम, ही रीत कल्याणच्या पुढेही तशीच चालत राहिली. पण मार्ग आग्नेयेकडे वळल्यामुळे उजवा हात वस्तुतः नैर्ऋत्येस येतो. परिणामी बदलापुरात सूर्य पूर्वेत मावळतो आणि नदीकडच्या पश्चिमेत उगवतो. शिरगाव हे या पूर्वेत आहे. पौष महिन्यातल्या एका स्वच्छ संध्याकाळी मी तेथे उतरलो तेव्हा मलंगगड, तावली आणि चंदेरी यांची काळीशार रांग आकाशाच्या कडेला उभी होती आणि तिच्यामागे सूर्य गेला तरी चंदेरीच्या सुळक्यावरचा तांबूस प्रकाश बराच वेळ रेंगाळत होता. शिरगावातील प्रत्येक गच्चीला हे दृश्य विनामूल्य लाभलेले आहे, आणि पुढे मी ज्या ज्या माणसाला ‘तुम्हाला येथे काय आवडते?’ असे विचारले त्या प्रत्येकाने आधी या डोंगरांकडेच बोट दाखविले.

माझी आतेबहीण आणि तिचे यजमान येथे राहतात. दोघेही लालबागच्या चाळीत वाढलेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे कंबरडे मोडले, एकेका खोलीत दोन-दोन भावांचे संसार मावेनासे झाले आणि ज्यांना ठाणे-डोंबिवलीही परवडत नव्हती अशी असंख्य मराठी कुटुंबे रुळांच्या कडेकडेने पुढे सरकत या खोऱ्यात येऊन थांबली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत ९७,९४८ माणसे होती; दहा वर्षांनी ती १,७४,२२६ झाली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती पाहता हे आकडेही आता फार मागे पडले असले पाहिजेत. ज्या नगराची लोकसंख्या दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढते त्या नगरात बहुसंख्य माणसे स्वभावतःच उपरी असतात. अशा उपऱ्या माणसांच्या नगरात भूमीविषयीचे ममत्व कशावर उभे राहते, पूर्वजांचे वाडे, घाट, समाध्या यांपैकी काहीही पाठीशी नसताना माणूस एखाद्या स्थळाला ‘आपले’ कसे म्हणू लागतो, हा प्रश्न मनात घेऊनच मी आलो होतो.

पुण्याच्या पेठांतील अथवा वाईच्या घाटावरील मनुष्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. त्याच्या वाड्याची चौकट जीर्ण झाली असली तरी तिच्यावर पणजोबांच्या हातचा स्पर्श असतो, आणि तो वाडा पाडताना त्याला जे दुःख होते ते समजावून सांगावे लागत नाही. वारशाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बव्हंशी अशा भाग्यवंतांविषयी असते. मुंबईतही तेच घडले. १९९५ साली तेथे वारसा-वास्तूंची नियमावली अमलात आली, अशा प्रकारची ती देशातील पहिलीच. आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या दोन अंगांच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याचा आनंद मला मनापासून झाला. परंतु त्या इमारतींतल्या कचेऱ्यांत दिवसभर राबून रात्री साडेनऊच्या गाडीने बदलापूरला परतणाऱ्या कारकुनाच्या गावी कोणता वारसा आहे, याची चौकशी कोणीच केलेली नाही.

रात्री जेवताना मी ताईला लालबागविषयी विचारले. ती म्हणाली, “अजून गणपतीत जातो ना! पण दोन दिवस झाले की इकडची ओढ लागते. तिकडे आता आपलं असं कोण राहिलंय?” भाऊजींचे उत्तर निराळे होते. त्यांच्या मते लालबागच्या चाळीत जिना, मोरी, गॅलरी, नळ ही सारीच सामाईक असल्यामुळे तेथील जिव्हाळा आपोआप निपजत असे. येथे प्रत्येकाचे दार स्वतंत्र, तेव्हा तो निर्माण करावा लागला. प्रथम सार्वजनिक गणपती, मग वाचनाची हौस असलेल्यांचा कट्टा, मग रविवारी पहाटे उठून कोंडेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाणाऱ्यांची टोळी. “पहिली दहा वर्षं आम्ही इथे फक्त झोपायला येत होतो,” ते म्हणाले. “निवृत्त झालो तेव्हा गाव दिसायला लागलं.”

पण शिरगाव म्हणजे केवळ या इमारती नव्हेत. इमारतींच्या आधी येथे भातशेतीचे गाव होते, आणि ते गाव अद्याप गावठाणाच्या रूपाने तग धरून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या बाजूस गेलो. रुंद रस्ता संपून गल्ली लागली, गल्लीच्या वळणावर कौलारू घर, त्यापुढे शेणाने सारवलेले अंगण आणि अंगणालगतच नवीन स्लॅबचे तीन मजली घर, असे दोन काळ एकाच भिंतीला टेकून उभे होते. एका बाजूला, एका गृहसंकुलाच्या कुंपणाच्या आत, दगडी बांधणीची जुनी विहीर दिसली. तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली होती. संकुलाच्या चौकीदाराने मला हटकण्यापूर्वीच पलीकडच्या ओटीवरून एक वृद्ध आगरी गृहस्थ उठून आले आणि त्यांनी विहिरीची हकीकत सांगितली. ती त्यांच्या पणजोबांनी बांधविली. आगगाडीच्या कामावरचे पाथरवट मागे राहिले होते, त्यांनी तिचे चिरे घडविले, असे त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकले होते. जमीन विकली तेव्हा विहीर तिच्याबरोबर गेली. फेरफार झाला, सातबारावरचे नाव बदलले. “हिचा पानी कवा आटला नाय,” ते म्हणाले, आणि जाळीच्या चौकटीतून खाली पाहू लागले. मीही पाहिले. पाणी होते, स्वच्छ होते, आणि त्यावर समोरच्या इमारतीच्या सात मजल्यांचे प्रतिबिंब पडले होते.

त्या गृहस्थांच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता. जमिनीचा मोबदला त्यांना मिळाला होता, मुलांची घरे झाली होती. परंतु दस्तऐवजावर सही करून मनुष्य जमिनीवरचा हक्क सोडू शकतो, त्या जमिनीची सवय सोडू शकत नाही. रोज सकाळी ते ओटीवरून उठून त्या कुंपणापर्यंत येतात आणि परत जातात, हे मला चौकीदाराने नंतर सांगितले. आणि दुसरीकडे, ज्यांच्या नावे आता ती विहीर आहे त्या दीडशे बिऱ्हाडांना ती केवळ मुलांच्या दृष्टीने धोक्याची जागा वाटते. एकाकडे स्मृती आहे पण हक्क नाही, दुसऱ्याकडे हक्क आहे पण स्मृती नाही. या खोऱ्यातील साऱ्या जुन्या वास्तूंचे भवितव्य या विषम वाटणीवर अवलंबून आहे असे मला त्या जाळीपाशी उभे असताना तीव्रतेने वाटले, आणि तेथूनच मी स्थानकाकडे निघालो.

बदलापूरहून अंबरनाथ पुढचेच स्थानक. अंबरनाथचे नाव बाहेरच्या माणसाला गेल्या शतकात कारखान्यांमुळे कळले: विमकोचा आगपेट्यांचा कारखाना, सरकारी शस्त्रनिर्माणी, मग औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे कारखाने. आगपेटीवरचे अक्षर वाचून ज्यांना हे गाव माहीत झाले अशी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. परंतु स्थानकाच्या पूर्वेस, म्हणजे पुन्हा वस्तुतः नैर्ऋत्येस, कोसभरही अंतर नसेल तेथे वालधुनी नदीच्या काठी जे शिवालय उभे आहे ते या सर्वांहून नऊ शतके जुने आहे.

रिक्षा सोडून मी थोडा चाललो. दुकाने, दवाखाने, शिकवणीवर्गांच्या पाट्या यांची दाटी एकाएकी विरळ झाली, जमीन उताराला लागली आणि झाडांच्या आड काळ्या पाषाणाचा तो प्रचंड पुंज दिसला. प्रथमदर्शनी ते देऊळ बांधलेले वाटत नाही, जमिनीतून उगवलेले वाटते. त्याच्या भिंतीला सरळ पृष्ठभाग असा नाहीच; कोनामागून कोन, खाचेमागून खाच, अशी ती सतत वळत राहते, आणि प्रत्येक वळणावर सकाळच्या उन्हाची तिरीप आणि सावली यांची नवी पट्टी तयार होते. खाली हत्तींचा थर आहे, त्यावर देवदेवता, सुरसुंदरी, तपस्वी. नृत्य करणारा शिव आहे, महिषासुराचे निर्दालन करणारी देवी आहे. कित्येक मूर्तींचे हात गेले आहेत, कित्येकांचे चेहरे नऊशे पावसाळ्यांनी पुसले आहेत, आणि तरीही ज्या शिल्पीने नर्तकीच्या कमरेचा तो बाक काढला त्याच्या हाताची खात्री दगडातून अजून हरवलेली नाही. मी त्या भिंतीला वळसा घालीत किती वेळ चाललो ते मला सांगता येणार नाही. एका ठिकाणी दोन शाळकरी मुली पाठीवर दप्तरे घेऊन हत्ती मोजत होत्या आणि मध्येच चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून आरंभ करीत होत्या.

हे देऊळ ठाण्याच्या शिलाहारांचे. उत्तरेकडील दाराच्या आतल्या बाजूस तुळईवर कोरलेल्या लेखात महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे, म्हणजेच मुम्मुणीचे, नाव आणि शके ९८२ हा काल येतो. इसवी सनाच्या गणनेत ते वर्ष १०६० होते. कामाचा आरंभ त्याचा वडील भाऊ छित्तराज याच्या कारकिर्दीत झाला असावा असे अभ्यासक मानतात. या लेखाच्या वाचनाची कथा मला त्या लेखाइतकीच प्रिय आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला तेव्हा त्यांनी शतकाचा अंक सात धरला आणि देऊळ शके ७८२ चे ठरविले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच अंक नऊ असल्याचे दाखविले आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आले. भगवानलाल हे भाऊ दाजींनीच जुनागढहून आणून हाताशी धरलेले, त्यांच्यासाठी गावोगाव भटकून लेखांचे ठसे घेणारे विद्वान होते. झिजलेल्या दगडावरच्या एका अंकासाठी गुरूच्या मताहून वेगळे मत मांडणारा शिष्य आणि असा शिष्य घडविणारा गुरू, दोघेही त्या तुळईखाली दिव्याच्या उजेडात मान वर करून उभे राहिले असतील, या कल्पनेने मला त्या दारात उभे असताना भरून आले.

त्याच काळात, १८६८ च्या सुमारास, मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेचे टेरी यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांची तुकडी येथे धाडली आणि तिने शिल्पांचे साचे, आरेखने व छायाचित्रे सिद्ध केली. सरकारी दफ्तरात या देशातील देवळांची अशी पद्धतशीर नोंद होण्याच्या आरंभकाळातील हे काम आहे. परंतु त्या नोंदीच्या आधी आठशे वर्षे ज्यांनी हे देऊळ राखले त्यांचे नाव कोणत्याही दफ्तरात नाही. पांडवांनी एका रात्रीत बांधले, अशी कथा ज्यांनी रचली आणि मुलांना सांगितली त्या आसपासच्या पाड्यांतल्या शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि कोळ्यांनी ही वास्तू आपल्या समजुतीने सांभाळली. राजवंश लयास गेला, राजधानी गेली, मुलूख एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे गेला. ज्या ज्या वास्तू केवळ राजाच्या होत्या त्या बहुतेक ढासळल्या. ही टिकली, कारण महाशिवरात्रीला येथे यायचे ही वहिवाट कोणी मोडली नाही.

मंडपातून गाभाऱ्यात जाताना वर चढायचे नसते, उतरायचे असते. विसेक पायऱ्या उतरून गेल्यावर आपण एका खोल, थंड चौकात पोहोचतो आणि वर पाहावे तो माथ्यावर आकाश. शिखर पूर्ण झालेच नाही की पुढे कोसळले, याविषयी मतभेद आहेत. परंतु त्या उघड्या माथ्यातून जो प्रकाश पिंडीवर पडतो तो पाहिल्यावर हा प्रश्न विचारण्याची इच्छा उरत नाही. त्या वेळी आत पाच-सहा माणसे होती. एक कामगार रात्रपाळी संपवून आला होता, गणवेशावर अजून कारखान्याची पट्टी होती. एक सिंधी वृद्धा, नातवाच्या खांद्याला धरून, एकेका पायरीवर थांबत उतरत होती. एक उत्तर भारतीय जोडपे होते. पुजाऱ्याने सर्वांना मराठीत पुढे सरकायला सांगितले आणि सर्वांना ते कळले. यांपैकी कोणाचेही पणजोबा या गावचे नसावेत. मी त्या वृद्धेला वर चढताना हात दिला आणि सहज विचारले, किती वर्षे येता? “लग्न करून कॅम्पात आले तेव्हापासून, दर सोमवारी,” ती म्हणाली. माझ्या मनातल्या प्रश्नाला यापेक्षा नेमके उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. आपलेपणा जन्माने मिळतो हे खरेच, पण सोमवारामागून सोमवार त्याच विसेक पायऱ्या उतरूनही तो मिळतो. आणि दुसऱ्या वाटेने मिळालेला आपलेपणा पहिल्याहून रतिभरही कमी नसतो.

बाहेर आल्यावर मात्र मन खिन्न झाले. ज्या नदीसाठी हे स्थान निवडले गेले असले पाहिजे ती वालधुनी देवळाला बिलगून वाहते, आणि पुढे अंबरनाथ, उल्हासनगर ओलांडून कल्याणच्या खाडीकडे जाईपर्यंत तिच्यात कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळत राहते. उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाचा दावा ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला होता. त्यावर निवाडे झाले, यंत्रणा बसल्या, काही कारखाने बंदही झाले, तथापि नदी अजून नदीसारखी दिसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या कायद्याने संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत ते परवानगीवाचून करता येत नाही. हा कायदा उचित आहे. त्याच्यावाचून आज या शिवालयाच्या भिंतीला इमारती येऊन भिडल्या असत्या. परंतु शंभर मीटरांच्या दोरीने दगड मोजता येतो, पाणी मोजता येत नाही. देऊळ आणि नदी ही एकच वास्तू आहे, असे मानून कायदा जेव्हा उगमापासून मुखापर्यंत तिचे रक्षण करील तेव्हाच शिलाहारांच्या शिल्पींचे काम आपण राखले असे म्हणता येईल. अलीकडे मंदिराच्या परिसरात कलामहोत्सव भरतो, मोठे गायक-वादक येतात, हजारो माणसे जमतात. त्यांतील प्रत्येकाने मंचाकडे तोंड करण्याआधी एकदा नदीकडे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

दुपारी मी उल्हासनगरला गेलो. त्या वृद्धेच्या तोंडचा ‘कॅम्प’ पाहिल्यावाचून परतावेसे वाटेना. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सैन्यासाठी छावण्या बांधल्या गेल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखाच्या आसपास निर्वासितांना त्या रिकाम्या बराकींत आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसून त्याला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आज पाच लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात कोणी पत्ता विचारला तर लोक अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगतात. कपड्यांच्या, फर्निचरच्या, भांड्यांच्या बाजारांतून वाट काढीत मी पाच नंबरात चालिया मंदिरापाशी आलो. तेथे झुलेलालपुढे जी अखंड ज्योत तेवते ती सिंधमधील पीरगोठहून आणलेली, असे तेथील लोक सांगतात. घर, शेत, गुरे, दुकान सारे मागे टाकून निघालेल्या माणसांनी ज्योत तेवढी हातात धरून सीमा ओलांडली, आणि ज्या माळावर त्यांची काहीही ओळख नव्हती तेथे ती ठेवून तिच्याभोवती शहर बांधले. वारसा म्हणजे दगडच असला पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा येथे यावे.

पण दगडाचाही प्रश्न आहेच. ज्या बराकींत या शहराचा जन्म झाला त्या एकामागून एक नाहीशा होत आहेत. जुन्या भिंतींना टेकू देऊन वर मजले चढविले गेले, पुढे त्या भिंतीही गेल्या. मी विचारपूस करीत फिरलो तेव्हा दुकानाच्या मागच्या अंगाला शिल्लक राहिलेल्या एका बराकीची भिंत आणि वरचा लाकडी कैचीचा थोडा भाग मला एका दुकानदाराने आपणहून नेऊन दाखविला. “पिताजी याच कोपऱ्यात, गोणपाटाच्या पडद्याआड राहिले,” तो म्हणाला. एका लांबलचक बराकीत पडदे टांगून अनेक कुटुंबे राहत; त्या पडद्यांच्या खिळ्यांची भोके त्याने मला कैचीवर दाखविली. पोलंडची राजधानी वॉर्सा दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झाली तेव्हा तेथील नागरिकांनी जुन्या चित्रांच्या आणि नकाशांच्या आधारे आपली जुनी पेठ विटेविटेने पुन्हा उभारली, आणि १९८० साली तिला जागतिक वारशाचे स्थान मिळाले. ज्यांचे सर्वस्व गेले त्यांनाच वास्तूची किंमत अधिक कळते, हे तेथे दिसले. उल्हासनगरात पाच कॅम्पांपैकी एका कॅम्पातली एक तरी बराक, तिच्या पडद्यांच्या खिळ्यांसह, जशीच्या तशी राखावी. तिच्यात कोणतेही भव्य स्मारक उभारू नये, फक्त गोणपाटाचे पडदे पुन्हा टांगावेत. हे काम पुढील काही वर्षांत झाले नाही तर पुढे करता येणार नाही, कारण राखण्यासारखे काही उरणारच नाही.

संध्याकाळी बदलापूरला परतल्यावर भाऊजी मला कुळगावातील ‘ग्रंथसखा’ या वाचनालयात घेऊन गेले. श्याम जोशी यांनी आपल्या वैयक्तिक संग्रहातून उभे केलेले हे ग्रंथभांडार दुर्मिळ मराठी पुस्तकांसाठी आज महाराष्ट्रभर ओळखले जाते, आणि संशोधनासाठी मुंबई-पुण्याचे अभ्यासक लोकल पकडून येथे येतात. ज्या गावाला राहण्यासाठी स्वस्त जागा म्हणून लोक आले त्या गावाला पुस्तकांसाठी यावे लागते, हा बदल एका माणसाच्या ध्यासाने झाला आहे. जुनी बांधणी, पिवळी पाने आणि वाळवीच्या औषधाचा वास यांच्या मधोमध बसून मी अंबरनाथच्या लेखाविषयीचे जुने मजकूर चाळले, आणि बाहेर पडताना भाऊजी सहज म्हणाले, “इथे बसून कितीदा वाचलं हे सगळं, पण आमच्या शिरगावचं काहीच कुठे लिहिलेलं नाही.”

तेव्हा मी त्यांना सकाळच्या विहिरीची हकीकत सांगितली. ते थांबले. ती विहीर ज्या संकुलात आहे त्याच्या व्यवस्थापन समितीचे सचिव त्यांच्या रविवारच्या टोळीतले निघाले. रात्री ते गृहस्थ घरी आले, ताईने चहा ठेवला, आणि बोलता बोलता असे कळले की येत्या महिन्यात ती विहीर बुजवून तेथे वाहनतळ करण्याचा ठराव समितीपुढे येणार आहे. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. विहीर कोणी बांधली, ती कधीपासूनची, तिला पाणी आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात संकुलात टँकर मागवावे लागतात, ही गोष्ट सचिवांनीच सांगितली आणि सांगता सांगता ते स्वतःच गप्प झाले.

मग बराच वेळ निराळेच बोलणे झाले. पाण्याची तपासणी कोठे करून घ्यावी, जाळी काढून त्या जागी कठडा बांधावा काय, पंप बसवायला खर्च किती येईल, आगरी आजोबांना सभेला बोलावले तर येतील काय. “येतील. पण बोलवायला आपण घरी जायला हवं, नोटीस पाठवून चालायचं नाही,” असे ताई म्हणाली, आणि ते सर्वांना पटले. सचिवांच्या मते ठराव फिरवायचा तर सभेपुढे कागद ठेवावा लागेल. तेव्हा भाऊजींनी सोमवारी तलाठी कार्यालयात जाऊन गटाचे जुने फेरफार आणि भूमी अभिलेखाकडून मोजणीचा नकाशा मिळविण्याचे आपल्याकडे घेतले, आणि आजोबांकडे जायचे काम ताईने आपल्याकडे.